लिटर नको, फॅट सांगा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषय: क्रीडा पानावरची आइस हॉकीची बातमी

गेल्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर खाली डाव्या कोपऱ्यात आइस हॉकीच्या प्लेऑफची सहा ओळींची बातमी आली होती. आधी आभार मानतो, कारण कोल्हापुरात बसून हा खेळ बघणारा मी एकटाच येडा आहे असं आमच्या घरच्यांचं पक्कं मत होतं, ती बातमी दाखवल्यावर ते जरा ढिलं झालं. पण मथळा वाचला आणि चहा तसाच राहिला. "शॉट दुप्पट, तरीही पराभव, नशिबाने दिला दगा". वर फोटो काय तर हिरव्या टर्फवरच्या हॉकीचा, वाकडी स्टिक आणि पांढरा बॉल. फोटोचं आता सोडतो, मला बोलायचंय ते त्या दुप्पट शॉटवर.

मी कोण हे आधी सांगतो म्हणजे हा म्हातारा मधेच कुठून उपटला असं वाटायला नको. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेत मी ३१ वर्षं फॅट काढली. आता रिटायर, मंगळवार पेठेत राहतो. भाचा कॅनडात एडमंटनला आहे, तिथं घराघरात आइस हॉकी, आपल्याकडं पेठेत फुटबॉल असतो तसं. २०२२ ला त्यानं मला एक मॅच लावून दिली, "मामा, नुसतं बघा, कळलं नाही तरी बघा," आणि तिथनं जे लागलं ते लागलं. त्यांच्याकडं संध्याकाळी ६ वाजता मॅच सुरू झाली की आपल्याकडं पहाटेचे साडेपाच, म्हणजे रंकाळ्यावर फिरायला जायची वेळ. एप्रिल ते जून माझं फिरणं बंद असतं, डॉक्टरला सांगू नका.

ज्यांनी बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फाचं मैदान २०० फूट लांब ८५ फूट रुंद, एका बाजूचे पाच जण आणि एक गोली, २० मिनिटांचे ३ पिरियड. बॉल नसतो, रबराची काळी चकती असते, तिला पक म्हणतात, वजन साधारण १७० ग्रॅम. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच, म्हणजे पानपट्टीच्या खिडकीएवढा, आणि त्यात गोली अंगावर गाद्या बांधून उभा. एनएचएल म्हणजे तिकडची, कॅनडा-अमेरिकेची मोठी लीग, ती संपली की ज्या बाद फेऱ्या होतात त्या प्लेऑफ, त्याला १६ संघ असतात, ७ मॅचची सिरीज, जो आधी ४ जिंकेल तो पुढं, अशा ४ फेऱ्या. बरोबरी झाली तर प्लेऑफमध्ये पेनल्टी शूटआउट वगैरे नाही, परत २० मिनिटं, परत २० मिनिटं, गोल होईपर्यंत. खासबागेत निकाली कुस्ती लावतात ना, तसं. अंधार पडू दे नाहीतर काही होऊ दे.

आता शॉट. तुमच्या बातमीत जो आकडा होता तो "शॉट ऑन गोल" असतो, आणि लोक काय समजतात की गोलकडं मारलेला प्रत्येक फटका त्यात येतो. नाही येत. गोलमध्ये गेलेला किंवा गोलीनं अडवला नसता तर गेला असता असा, तेवढाच शॉट मोजतात. बाजूनं गेला, शून्य. मधल्या डिफेंडरनं अंगावर घेतला, शून्य. आणि ऐका, खांबाला टण्णकन लागून बाहेर आला तरी शून्य! गोली पूर्ण चुकलेला, पक अर्धा इंच आत असता तर गोल, त्या फटक्याची किंमत वहीत काहीच नाही. आणि दुसरीकडं एखादा खेळाडू दमलाय, त्याला बदली होऊन बाहेर जायचंय, म्हणून तो मधल्या रेषेवरनं पक असाच गोलीकडं ढकलतो, गोली तो शांतपणे हातमोज्यात घेतो, तो मात्र एक शॉट म्हणून लागतो. म्हणजे दोन्ही आकडे एकाच खात्यात, ह्या खात्यावरनं तुम्ही वर्चस्व ठरवताय.

शाहू स्टेडियमवर असलं आपण जन्मभर बघत आलोय. मी आणि माझा एक मित्र पश्चिम बाजूला बसायचो, त्याच्याकडं खिशातली वही, शॉट, कॉर्नर, फाउल सगळं लिहायचा, एका मॅचला आमच्या पेठेच्या संघानं समोरच्या गोलीवर नुसती गर्दी केली होती, बारला लागले तीन, आणि समोरच्यांनी एकच काउंटर मारला आणि संपलं. मित्र वही फाडायला निघाला होता. मागनं एक आजोबा म्हणाले, "पोरा, वहीत तीन बार लिहिलास का?" लिहिलेच नव्हते, कारण बार म्हणजे शॉट नाही असं ह्यानं स्वतःच ठरवलं होतं. बर्फावर पण तोच नियम आहे बघा, आणि कुणी एकानं ठरवलेला नाही, अख्खी लीग त्यावर चालते.

म्हणून तिकडच्या लोकांनी वीसेक वर्षांमागं दुसरा हिशेब काढला. गोलीनं अडवलेले, गोलमध्ये गेलेले, बाजूनं गेलेले, डिफेंडरनं अंगावर घेतलेले, सगळे मिळून एक आकडा. त्याला कोर्सी म्हणतात. जिम कोर्सी हे बफेलो सेबर्सचे गोलीचे कोच होते, गोलीला किती काम पडतं हे मापायला असला हिशेब ठेवायचे. पण नाव त्यांनी स्वतः दिलेलं नाही. टिम बार्न्स नावाचा एक गृहस्थ होता, त्यानं बफेलोच्या मॅनेजरला रेडिओवर ह्या हिशेबाबद्दल बोलताना ऐकलं, आणि नाव काय द्यायचं म्हणून संघाच्या लोकांचे फोटो बघितले तर कोर्सींची मिशी आवडली, दिलं नाव. मिशीवरनं नाव पडलेलं हे शास्त्र आहे, कोल्हापूरकरांनी तरी त्याला मान दिला पाहिजे. अंगावर अडवलेले वजा केले की त्याला फेनविक म्हणतात, ते दुसऱ्या एका माणसाचं नाव, त्याच्या मिशीचं मला माहीत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्या संस्थेत सकाळी सहाला लाइन लागायची. एकजण कॅन भरून १२ लिटर घालायचा, दुसरी एक मावशी किटलीतनं ४ लिटर आणायची. आणि १० दिवसांनी बिल निघालं की १२ लिटरवाला काउंटरवर येऊन भांडायचा, "माझं एवढं दूध आणि पैसे एवढेच?" कारण पैसे लिटरवर नसतात साहेब, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्ट भाग) वर असतात. गाईला साडेतीन लागली, म्हशीला सात. जुन्या पद्धतीत नळीत १० मिली ॲसिड, त्यात पावणेअकरा मिली दूध, वर १ मिली अल्कोहोल, बूच मारायचं, हलवायचं, नळी हाताला चटका देईपर्यंत गरम व्हायची, मग मशीनमध्ये गरगर फिरवायची आणि वर जो पिवळा थर यायचा तो वाचायचा. त्या थरासमोर लिटरवाल्याचा आवाज बसायचा. शॉटचा आकडा म्हणजे लिटर आहेत. ४० शॉट मारले म्हणजे ४० लिटर घातलं, फॅट किती लागली ते सांगा की.

शॉटची फॅट कशावर असते? पहिलं म्हणजे जागा. गोलच्या तोंडासमोरचा जो पट्टा असतो, त्याला स्लॉट म्हणतात, तिथनं मारलेला आणि ६० फुटांवरनं निळ्या रेषेजवळनं मारलेला ह्यात जमीनअस्मानाचा फरक. दुसरं कोन. तिसरं, गोलीच्या अंगावरनं उडालेला पक परत मारला का, त्याला रिबाउंड म्हणतात, तेव्हा गोली खाली पडलेला असतो. चौथं, पक ह्या बाजूनं त्या बाजूला पास होऊन लगेच मारला का, कारण गोलीला पूर्ण सरकावं लागतं आणि सरकणारा गोली म्हणजे उघडं दार. आणि लांबनं मारलेला पण फुकट असतोच असं नाही, गोलीसमोर आपला एखादा आडदांड गडी उभा असला तर गोलीला पक दिसतच नाही, नाहीतर तो गडी मधेच स्टिक लावून दिशा बदलतो, प्लेऑफमध्ये असले घाणेरडे गोल लई होतात आणि मला तेच आवडतात. ह्या सगळ्याचा मेळ घालून हल्ली "एक्स्पेक्टेड गोल" असा आकडा काढतात, म्हणजे अशा जागेवरनं असे शॉट मारले तर साधारण किती गोल व्हायला पाहिजे होते. हे आपलं फॅट मशीन. पण मशीनचं पण ऐका, आमच्याकडं मिल्को टेस्टर नवीन आला तेव्हा सगळे त्याला देव मानायला लागले, आणि सकाळी साफ केला नाही तर तो काही पण दाखवायचा. त्या एक्स्पेक्टेड गोलच्या लोकांसाठी उघड्या असलेल्या हिशेबात पण गोलीसमोर कोण उभा होता, आधीचा पास कुठनं आला, हे बहुतेक वेळा नसतंच. अंतर, कोन, शॉटचा प्रकार, रिबाउंड, एवढ्यावर चालतं. लिटरपेक्षा शंभर पटीनं बरं, पण देव नाही.

फॅट झाली, आता पाणी. दुधात पाणी घातलं की लॅक्टोमीटर खाली बसतो, लगेच कळतं. शॉटच्या आकड्यात पाणी कुठनं येतं माहितीये? पिछाडीवरनं. जो संघ एका गोलनं पुढं आहे तो काय करतो, आपला भाग सांभाळतो, जोखीम घेत नाही, पक कडेच्या बोर्डवर आपटून बाहेर काढतो आणि बदल्या करतो. जो मागं आहे तो जिथनं मिळेल तिथनं मारत सुटतो. म्हणजे शॉट जास्त असणं हे कित्येकदा हरत असल्याचं लक्षण असतं, कारण नाही! तुमच्या मथळ्यात "तरीही पराभव" असं होतं, अर्ध्या वेळा ते "म्हणूनच" असायला पाहिजे, म्हणजे पराभव होत होता म्हणून शॉट वाढले. कबड्डीत पुढं असलेला संघ शेवटच्या पाच मिनिटांत मोकळ्या चढाया टाकतो, तेव्हा आपण म्हणतो का की ह्यांना चढाई येत नाही? आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत तर मागं असलेला संघ गोलीलाच बाहेर काढतो आणि सहावा खेळाडू आत घालतो, त्या वेळचे शॉट म्हणजे नुसता नळ सोडलेला.

उदाहरण घ्या. ८ जून २०२४, फायनलची पहिली मॅच, फ्लोरिडा पँथर्स आणि आमच्या भाच्याचं एडमंटन ऑयलर्स. ऑयलर्सचे ३२ शॉट, फ्लोरिडाचे १८. स्कोअर फ्लोरिडा ३, ऑयलर्स ०. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन, "मामा, आपण चेपलं होतं त्यांना, त्या बोब्रोव्स्कीनं वाट लावली." बोब्रोव्स्की म्हणजे फ्लोरिडाचा गोली. मी म्हटलं बाळा, थांब. पहिला गोल चौथ्या मिनिटालाच झाला होता. म्हणजे जवळजवळ सगळी मॅच तुम्ही मागं होता, दुसऱ्या पिरियडच्या सुरवातीला दुसरा पडला, आणि तिसरा तर रिकाम्या गोलमध्ये, गोली बाहेर काढल्यावर. ह्या ३२ मधलं पाणी आधी बाजूला काढ. त्याचं म्हणणं असं की त्यातले चारपाच शॉट साईचे होते, आणि ते खरंच होते, मी पण बघितले, बोब्रोव्स्कीनं ते अडवले ते नशीब नव्हतं. म्हणजे मी बरोबर आणि तो पण बरोबर, आणि नुसतं "३२ विरुद्ध १८" हे आमच्या दोघांपैकी कुणाचंच म्हणणं सांगत नाही. (ती फायनल पुढं ०-३ वरनं ३-३ झाली आणि सातवी फ्लोरिडानं २-१ नं घेतली. त्या दिवशी भाच्याला फोन केला नाही, त्यानं पण केला नाही.)

पेनल्टीचं पण असंच. एखाद्याला २ मिनिटं बाहेर बसवलं की समोरच्याचे पाच विरुद्ध चार होतात, त्याला पॉवर प्ले म्हणतात. पाचात एखाद्या पॉवर प्लेला गोल होतो, पण शॉट मात्र ढिगानं पडतात. ज्याला सहा पॉवर प्ले मिळाले त्याचे शॉट जास्तच दिसणार, त्यामुळं जाणकार लोक पाच विरुद्ध पाचचे शॉट वेगळे काढतात.

मग वेळ. ११ ऑगस्ट २०२०, कोरोनाचा काळ, टोरांटोत प्रेक्षक नसलेल्या हॉलमध्ये टॅम्पा बे लायटनिंग आणि कोलंबस ब्लू जॅकेट्स. पाच ओव्हरटाइम! टॅम्पाचे ८८ शॉट, कोलंबसचे ६३, कोलंबसचा गोली योनास कोर्पिसालो, त्यानं ८५ अडवले आणि तरी हरला, ३-२, ब्रेडन पॉइंटनं मारला शेवटचा. त्याच्या आधीचा विक्रम १९८७ चा केली रूडीचा, ७३ चा. आता ८८ हा आकडा ऐकून कुणीही म्हणेल बापरे, केवढं धुतलं. पण मॅच चालली १५० मिनिटं २७ सेकंद. भागाकार करा, ६० मिनिटांना टॅम्पाचे ३५ आणि कोलंबसचे २५. टॅम्पा वरचढ होताच, पण नेहमीच्या मॅचला ३५-२५ असतात त्यात बापरे म्हणण्यासारखं काय आहे. दोन वेळचं दूध एका वेळच्या खात्यावर लिहिलं तर म्हैस चांगली ठरत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच्या आदल्या वर्षी, २०१९ ला, ह्याच टॅम्पानं लीगमध्ये ६२ मॅच जिंकल्या होत्या आणि पहिल्याच फेरीत ह्याच कोलंबसनं त्यांना ४-० नं घरी पाठवलं. २०२० ला टॅम्पानं कोलंबसला काढलं आणि पुढं प्लेऑफचा कप पण नेला.

गोलीचं वेगळं सांगायलाच पाहिजे, कारण प्लेऑफमध्ये शॉटच्या आकड्याचं वाटोळं सगळ्यात जास्त तोच करतो. २०१० ला मॉन्ट्रियल कॅनेडियन्स आपल्या गटात आठव्या म्हणजे शेवटच्या नंबरवर (गटातनं आठच संघ प्लेऑफला येतात), समोर वॉशिंग्टन कॅपिटल्स, लीगमध्ये सगळ्यात वर. वॉशिंग्टन ३-१ नं पुढं. मग मॉन्ट्रियलचा गोली यारोस्लाव हलाक उठला. सहाव्या मॅचला ५४ शॉट, ५३ अडवले. सातव्याला ४२ मधले ४१. शेवटच्या तीन मॅच मिळून १३४ शॉट पडले आणि गोल झाले ३. तीन! मॉन्ट्रियल सिरीज जिंकली. ह्याला वॉशिंग्टनचं वर्चस्व म्हणायचं का हलाकचं? मी दोन्ही म्हणेन, आणि थोडं योगायोग पण म्हणेन, कारण १३४ मध्ये ३ असं कुठलाही गोली वर्षभर करत नाही. पुढच्या फेरीत मॉन्ट्रियलनं पिट्सबर्गला पण काढलं आणि त्याच्या पुढं फिलाडेल्फियाकडनं पाच मॅचमध्ये आटोपले. थर उतरतोच.

योगायोग हा शब्द मी वापरला म्हणून सांगतो, तुमच्या मथळ्यातल्या "दगा" ह्या शब्दावर माझा राग का आहे. मागच्या रविवारी मी घरात हौजीची पिशवी काढली. ९० आकडे असतात. मी ठरवलं १ ते ८ निघाला तर गोल, बाकी काही निघाला तर गोलीनं अडवला. ९० त ८ म्हणजे शेकडा ८.९, साधारण शंभर शॉटला नऊ गोल, खऱ्या लीगमध्ये पण त्याच्या आसपासच असतं. मग एका बाजूला नात, तिला ४० शॉट, दुसऱ्या बाजूला मी, मला २०. आकडा काढायचा, बघायचा, परत पिशवीत टाकायचा, हलवायचा. इथं कुणी चांगला नाही कुणी वाईट नाही, गोली पण सारखा, फक्त तिला माझ्या दुप्पट शॉट. २० मॅच खेळलो, मंडळी वैतागली, जेवायला बोलावून दमली. मी ४ जिंकलो, ३ बरोबरीत. नात दुसऱ्यांदा हरल्यावर म्हणाली, "आजोबा तुम्ही चीटिंग करताय." तिला म्हटलं हेच छापून आलंय पेपरमध्ये. नंतर कागदावर गणित केलं, बरोबरीतल्या अर्ध्या वाटून दिल्या तर २० शॉटवाला साधारण पाचात एक मॅच घेतो. पाचात एक! प्लेऑफच्या पहिल्या फेरीत ८ सिरीज असतात, रोज दोनतीन मॅच, म्हणजे असलं काहीतरी आठवड्याला घडणारच. आठवड्याला घडणाऱ्या गोष्टीला दगा म्हणत नाहीत साहेब.

तसंच ३२ शॉट मारून एक पण गोल नाही, हे नुसत्या पिशवीच्या हिशेबानं वीस मॅचमध्ये एकदा होतं. आणि सिरीज ७ मॅचची धरली, मॅचला ३० शॉट, २१० झाले, गोल १९ व्हायला पाहिजेत, पण पिशवी हलवत बसलात तर १५ पासून २३ पर्यंत कुठंही येतात, तेही नेहमीच्या दिवसांत. १५ आले तर म्हणणार "स्टार खेळाडू प्लेऑफमध्ये दबले", २३ आले तर "मोठ्या मॅचचे खेळाडू". दोन्हीची पिशवी एकच.

मग शॉट मोजायचेच नाहीत का? असं म्हणणारे पण आहेत. भाच्याचा एक शेजारी म्हणतो आकडे कचरा आहेत, मनगट आणि काळीज बघा. ते पण मला पटत नाही. लॉस एंजेलिस किंग्ज २०१२ ला घ्या. आठव्या नंबरवरनं प्लेऑफला आले, लीगमध्ये गोल मारण्यात ३० संघांत २९ वे, कुणी विचारत नव्हतं. पण शॉटच्या हिशेबात ते वरच्या संघांत होते, पक त्यांच्याकडंच असायचा, नुसते गोल पडत नव्हते. मग पडायला लागले, १६ मॅच जिंकल्या, हरल्या फक्त ४, कप नेला. गोली जोनाथन क्विकनं त्या प्लेऑफमध्ये शंभरातले जवळजवळ ९५ अडवले हे पण खरं. म्हणजे महिन्याचं रजिस्टर बघितलं तर लिटर पण खोटं बोलत नाही, कारण गोल इतके कमी असतात की दहावीस मॅचमध्ये त्यांच्यावरनं काही ठरवता येत नाही, शॉट भरपूर असतात म्हणून चित्र लवकर दिसतं. एका सकाळच्या कॅनवरनं म्हशीची किंमत करू नका, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि तुमची बातमी एका सकाळची होती.

अजून एक बारीक. हे शॉट मोजतो कोण? हॉलमध्ये वर बसलेली माणसं. आणि प्रत्येक हॉलची माणसं सारखी मोजत नाहीत, कुठं हात सैल, कुठं आवळलेला, तिकडच्या लोकांनी हे वर्षानुवर्षं दाखवून दिलंय. २०२१-२२ पासून पकमध्ये आणि खेळाडूंच्या अंगावर सेन्सर आलेत त्यामुळं जागा वगैरे बरीच नेमकी कळते. पण मापाड्या माणूस बदलला की माप बदलतं हे दूध संस्थेतल्या माणसाला सांगायला नको, आमच्याकडं सचिव बदलला की अख्ख्या गावाच्या म्हशींची फॅट बदलायची.

तर माझी मागणी लई मोठी नाही. सहाच ओळी द्या, जागेची अडचण मला कळते. पण त्यात शॉट द्यायचे तर पिरियडवार द्या, पहिल्यात किती, दुसऱ्यात किती, तिसऱ्यात किती, आणि पहिला गोल कितव्या मिनिटाला झाला ते द्या. एवढ्यावर वाचकाला पाण्याचा अंदाज येतो. पॉवर प्ले किती मिळाले ते द्या. ओव्हरटाइम झाला असला तर मॅच एकूण किती मिनिटं चालली ते द्या. आणि गोलीचं नाव द्या हो, हरलेल्या संघाच्या कॅप्टनचं नाव येतं आणि ज्यानं ३२ अडवले त्याचं नाव नाही, हे म्हणजे कुस्तीच्या बातमीत फक्त पडलेल्याचं नाव छापल्यासारखं. एजन्सीकडनं बातमी येते तशी लावता हे मला ठाऊक आहे, पण मथळा तुमच्याकडंच बसतो ना. "नशीब", "दगा", "वर्चस्व" हे तीन शब्द एक महिना बाजूला ठेवून बघा. "३२ शॉट अडवले" असा साधा मथळा दिला तरी चालेल.

आणि भारतातलं पण थोडं घाला. आपल्या बायकांच्या संघानं २०२५ ला आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं, बहुतेक पोरी लडाखच्या, गोठलेल्या तळ्यावर शिकलेल्या. ती बातमी मला भाच्याकडनं कळली, कॅनडातनं. त्यांच्या मॅचला किती शॉट पडले हे मी तुम्हाला विचारणार नाही, पण फोटो लागलाच तर तो ह्या पोरींचा लावा, बर्फावरचा. हिरवा टर्फ नको.

आपला,
एक जुना वाचक (नाव छापू नये, नात शाळेत सांगत सुटेल)
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता. क. पत्र पाकिटात घातल्यावर सोफ्याखाली हौजीचा ७ चा आकडा सापडला. कधी पडला कुणालाच माहीत नाही. म्हणजे शेवटच्या काही मॅच आम्ही ८९ आकड्यांवर खेळलो आणि गोलवाले आकडे ८ चे ७ च राहिले होते. नात म्हणते त्या मॅच परत खेळायच्या. मी वर लिहिलेले ४ आणि ३ तेवढे पेन्सिलीनं वाचा.